इंगोले मास्तरांचा जोडीचा नाच

चार जुने मास्तर एकत्र बसले की पहिला अर्धा तास गुडघ्यांचा, पुढचा सगळा वेळ किस्स्यांचा. एक संपत नाही तोवर दुसऱ्याला तिसरा आठवतो, आणि आपण मुळात काय सांगत होतो ते चहा थंड झाल्यावर ध्यानात येतं. वऱ्हाडातल्या मालेगावच्या आमच्या शाळेचे असे किस्से पोतंभर निघतील. मी मात्र दरवेळी इंगोले मास्तरांच्या नाचापासून सुरू करतो.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. मी गणित शिकवायचो, इंगोले ड्रिल. ते जवळच्याच मेडशी गावचे. लढाईच्या काळात कलकत्त्याला लष्कराच्या मोटार वर्कशॉपात मेकॅनिक होते. तिथून परतताना लोकांनी बूट आणले, कांबळी आणली. यांनी आणला चावीचा ग्रामोफोन आणि एकच तबकडी.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी तो ग्रामोफोन स्टाफरूममध्ये लावला. पितळी वाद्यांचा असा बाजा आम्ही कधी ऐकला नव्हता. मास्तर एकटेच नाचायला लागले. एक हात हवेत कुणाचा तरी धरलेला, आणि मध्येच तो वर उचलून त्या कुणाला तरी गर्रकन फिरवलेलं. याला स्विंग म्हणतात, अमेरिकन सोल्जर नाचतात, असं त्यांनी सांगितलं.

आमचे संस्कृतचे भोयर गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "मास्तर, हा नाच एकट्याचा नाई वाटत. दुसरं मानूस कुठं गेलं?"

"ते कलकत्त्यालेच राह्यलं," इंगोले म्हणाले आणि पुन्हा चावी भरायला लागले.

आम्ही पोट धरून हसलो. ते एक वाक्य त्यांना पुढे किती महाग पडणार होतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

*

नाच जोडीचा, तर जोडीदार पाहिजे. मी नाही म्हणालो. भोयर गुरुजी पंचेचाळिशीचे, धोतर-टोपीवाले, पण नवीन काही शिकायचं म्हटलं की त्यांना राहवत नसे. त्यांनी धोतर वर खोचलं आणि आधी शंका काढली : यात बाई कोण?

इंगोल्यांनी समजावलं की बाई-पुरुष सोडा, यात एक जण हाताने इशारा देतो आणि दुसरा तो इशारा ओळखून पाय टाकतो. मोजायचं असं : हळू, हळू, मांगं-पुढं. गुरुजींना छंद-वृत्तांची सवय, मोजणी त्यांनी पहिल्या फटक्यात उचलली. पण इशारा यायच्या आतच ते गोल फिरून मोकळे होत. तीनदा तसं झालं, चौथ्या वेळी इंगोले थांबले.

"गुरुजी, मी प्रश्न इचारलाच नाई, अन् तुमी उत्तर देऊन राह्यले."

पंचवीस वर्षं वर्गात पोरांना हेच सांगत आलेले गुरुजी कानापर्यंत लाल झाले.

आमचा शिपाई महादू दारात उभा राहून हे सगळं बघायचा. त्याला मत विचारलं, तर तो म्हणाला, "हा नाच नाई, साहेब. दोन मानसं पडून राह्यले, अन् एकमेकाले वाचवून राह्यले."

इंगोले म्हणाले, कलकत्त्यातही इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

*

बातमी हेडमास्तरांपर्यंत गेलीच. हेडमास्तर कडक. त्यांनी इंगोल्यांना बोलावलं आणि दार लावून घेतलं. आत काय झालं ते इंगोल्यांनीच नंतर सांगितलं.

पहिला प्रश्न, तिकडे हे परक्या बाईबरोबर नाचतात का? नाचतात. तिच्या नवऱ्यासमोर? समोरच. मग मारामाऱ्या होत नाहीत? इंगोल्यांनी सांगितलं की तिथे रीत आहे. आधी विचारायचं, "नाचता का?" ती हो म्हणाली तर एक गाणं नाचायचं आणि आभार मानून तिला जागेवर सोडायचं. नाही म्हणाली तर हसून परत फिरायचं, कारण विचारायचं नाही.

हेडमास्तर उठून दाराशी गेले. ते विधुर होते. कडीला हात घालून म्हणाले, "आपल्याकडे लग्नालेही एवढं कोनी इचारत नाई, मास्तर." एवढंच बोलून त्यांनी दार उघडलं. ग्रामोफोन शाळेत चालेल की नाही, ते ना इंगोल्यांनी विचारलं, ना त्यांनी सांगितलं.

*

त्याच हिवाळ्यात अकोल्याहून इन्स्पेक्टर आले. ड्रिलचा तास बघायला मैदानावर खुर्च्या मांडल्या. इंगोल्यांनी सातवीला जागच्या जागी पाय मारायचा हुकूम दिला. आता ही पोरं महिनाभर स्टाफरूमच्या खिडकीला लटकलेली. पहिल्या रांगेतल्या एकाचा पाय मागे गेला, पुढे आला. शेजाऱ्याचा गेला. बघता बघता चाळीस पोरं हळू, हळू, मांगं-पुढं.

इन्स्पेक्टरांनी हा कोणता प्रकार म्हणून विचारलं. इंगोल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हेडमास्तर मात्र शांतपणे म्हणाले, "लष्करी आहे, साहेब. मास्तर लढाईत होते."

भेटीच्या वहीत शेरा आला : कवायतीत नावीन्य, स्तुत्य.

*

आता शेवटचा. हा सांगताना मी अजूनही सावरून बसतो.

"ते कलकत्त्यालेच राह्यलं" हे वाक्य फिरत फिरत मेडशीला पोचलं. पोचेपर्यंत त्यात एक बाई आली होती, तिला नाव मिळालं होतं, एक मूलही झालं होतं. ते इंगोल्यांच्या बायकोच्या, वच्छलाच्या कानावर गेलं. तिने घर सारवलं, दोन दिवसांच्या भाकरी करून ठेवल्या आणि माहेरी धनजला निघून गेली. महिना झाला तरी परतली नाही. इंगोले दाढी न करता शाळेत यायला लागले.

एका रविवारी भोयर गुरुजींनी आणि मी त्यांना मोटारीत घातलं. कारंज्याला उतरून पुढे बैलगाडी केली. वाटेत गुरुजींनी सरळच विचारलं, तिथे कोण होतं?

इंगोले म्हणाले, ल्यूक नावाचा एक काळा अमेरिकन ड्रायव्हर. गोऱ्यांच्या नाचाच्या हॉलात त्यालाही मज्जाव आणि इंगोल्यांनाही. बाहेर बाजा ऐकू यायचा. मग दोघं वर्कशॉपातच नाचायचे, ट्रकांच्या मधल्या जागेत. बाई कधी नव्हतीच.

"मग हे वच्छलाबाईले काहून नाई सांगतलं?"

"लाज वाटली," इंगोले म्हणाले. दोन बाप्ये हात धरून नाचत होते, हे बायकोला कसं सांगायचं? घरी तबकडी कधी लावली नाही, तिच्यासमोर एक पाऊलही कधी टाकलं नाही; फार तर रात्री घर निजलं की अंगणात एकटेच पाय टाकायचे.

धनजला सासरे अंगणात खाटेवर बसले होते. कापसाचे, ज्वारीचे बऱ्यापैकी शेतकरी, बोलणं कमी. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. ल्यूकचंही ऐकलं. मग म्हणाले, "जवाईबापू, सांगू नका. तो नाच करून दाखवा. मी पाह्यतो त्याच्यात काय हाय ते."

ग्रामोफोन नव्हता. भोयर गुरुजींनी टोपी माझ्याकडे दिली, धोतर खोचलं आणि इंगोल्यांचा हात धरला. भर दुपारी, कुंपणाशी अर्धं गाव जमलेलं, आणि गुरुजी मोठ्याने मोजत नाचायला लागले. सुरुवातीला बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग हसणं थांबलं. इंगोल्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पाय चालूच होते. सासरे हनुवटीखाली काठी धरून एकटक बघत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून वच्छलाबाई आल्या. हात पिठाचे होते, ते पदराला पुसले. बापाकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं नाही. सरळ गुरुजींसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी, तुमी बसा. 'मांगं' म्हनलं का उजवा पाय न्या लागते. तुमचा डावाच जाऊन राह्यला."

त्यांनी पदर कमरेला खोचला आणि इंगोल्यांसमोर हात धरला.

"मोजा आता," त्या म्हणाल्या.

भोयर गुरुजी खाटेच्या कडेवर टेकले आणि मोजायला लागले.