उन्हाकडे पाठ केलेला सोलर

गच्चीवरच्या पाणी तापवायच्या सोलरचं पॅनल खाऱ्या वाऱ्याने पार खाल्लं होतं. पाइपला भोकं पडून पाणी भिंतीवरून ओघळायला लागलं, तेव्हा टाकी तीच ठेवून पॅनल तेवढं नवं बसवायचं ठरलं. आई त्या हिवाळ्यात आमच्याकडे होती. राजापूरला अंगणात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, आणि ऑपरेशननंतर मी तिला रत्नागिरीला घेऊन आले. डॉक्टरांनी तिला रोज गरम पाण्याने शेक आणि अंघोळ सांगितली होती.

दुकानाचा फिटर आला. जुना स्टँड गंजलेला, म्हणून त्याने नवा आणला आणि जुने पाइप पुरावेत म्हणून तो उलटा फिरवून बसवला. मी चहा घेऊन वर गेले तर पॅनलचं तोंड उत्तरेला. शेजारच्या प्रत्येक गच्चीवरचं पॅनल भाट्याच्या खाडीकडे, दक्षिणेला बघत होतं. मी म्हटलं, "हे उलटं बसलंय. थंडीत ऊन तिकडून येतं."

"वहिनी, ऊन काय, सगळीकडेच पडतं," तो म्हणाला. "साहेबांशी बोलणं झालंय माझं."

साहेब म्हणजे माझा नवरा. संध्याकाळी त्याला सांगितलं तर तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "अगं, तो रोज हेच काम करतो. तू शाळेत भूगोल शिकवतेस म्हणून सगळं तुलाच कळतं का?"

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग अजून जात नाही.

पाणी कोमटसुद्धा होईना. दुकानात फोन केला की, "उन्हाळ्यात बघा कसं तापतं." मग मी सकाळी गॅसवर पातेली चढवायची, ती मोरीत वाहून न्यायची, आईला अंघोळ घालायची आणि धावत शाळा गाठायची. नवऱ्याची अंघोळ दाढी आटोपून सगळ्यांत शेवटी, आणि तीही मी तापवलेल्या पाण्याने. त्यामुळे सोलर बिघडलाय असं त्याला कधी वाटलंच नाही.

एक दिवस आई म्हणाली, "बाय, आता मला वॉकरने जमतं. माझी मी करीन अंघोळ. तू जा शाळेत. नळाला येतंय गरम पाणी."

मला वाटलं, असेल दुपारचं थोडं तापत. मग सकाळी मी नवऱ्यापुरतंच पातेलं चढवायला लागले. सुट्टीच्या दिवशी मोरीचं दार अर्धवट उघडं दिसलं म्हणून आत डोकावले. आई स्टुलावर बसून अंगावर तांब्या ओतत होती आणि तिचे दात वाजत होते. बादलीत हात घातला. पाणी गार, टाकीतलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"तुझी किती ओढाताण होते, बघवत नाही," ती म्हणाली. ओठ काळेनिळे पडलेले.

मी तिच्यावरच ओरडले. मग तिला टॉवेलात गुंडाळलं. माझा राग तिच्यावर नव्हता हे तिला कळत होतं.

फिटरला बोलावलं. दारातच त्याने विचारलं, "साहेब आहेत?"

"नाहीत. मी आहे."

तरी त्याने गच्चीवर जाऊन माझ्यादेखत नवऱ्याला फोन लावला. नवऱ्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "ती म्हणते तसं करून टाक. उगाच वाद नको."

उगाच. मी फिटरचा हात धरून पॅनलच्या काचेवर ठेवला. भर दुपारी काच जेमतेम कोमट होती. मग तोच हात जिन्याच्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या पत्र्याच्या दारावर ठेवला. तो चटका बसून मागे सरला. "आता फिरवा," मी म्हटलं. तो फिरवेपर्यंत मी उन्हात उभी राहिले. पाइप लांब लागले, ते त्याने मुकाट्याने जोडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळाला वाफाळतं पाणी आलं. पुढच्या रविवारी नवरा शेजाऱ्यांना कुंपणावरून सांगत होता, "आमचं पॅनल उलटं बसवलं होतं. माझ्या लक्षात आलं, लगेच फिरवून घेतलं."

मी वाळत घातलेले कपडे काढत होते. तिथूनच म्हटलं, "तुमच्या नाही, माझ्या लक्षात आलं. पहिल्याच दिवशी. तुम्ही ऐकलं नाहीत आणि माझी आई गार पाण्याने अंघोळ करत राहिली."

शेजारी झाडाच्या आळ्याकडे बघायला लागले. नवरा घरात निघून गेला.

आईला आत सगळं ऐकू गेलं होतं. "चारचौघांत बोलायला नको होतंस," ती म्हणाली.

"चारचौघांतच बोलायला हवं होतं," मी म्हटलं आणि तिच्या पायाला शेक द्यायला बसले.