चोवीस भोकं

"बाबा, राऊटर तापतोय, हा कशाला घालता त्यावर?" असं म्हणत लेकीने क्रोशाचा पिवळट रुमाल ओढून काढला. तापल्या प्लास्टिकचा वास आला आणि मी मुळगावच्या आमच्या घरात जाऊन पोचलो.

गोवा राज्य झालं त्या वर्षी मी घरीच ॲम्प्लिफायर बनवला होता. पेटी म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. गरम हवा बाहेर जावी म्हणून झाकणाला मीच रांगेने भोकं पाडली होती. आई त्यावर रेडिओची भजनं ऐकायची. एका संध्याकाळी खाणीवरून परतलो, तर भजन बंद आणि घरभर जळका वास. डब्यावर आईने घट्ट विणीचा नवाकोरा रुमाल घातला होता. आतला ट्रान्झिस्टर जळून गेला होता.

मी नको तितका ओरडलो. खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ तेव्हा आमच्या ताटापर्यंत यायची. आई एवढंच म्हणाली, "धूळ आत जाता रे, म्हणान घातलंय."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी डब्यावर पुन्हा रुमाल! मी तो हिसकावणार, तोच ती म्हणाली, "बघ तरी. तुझी भोकां मोजलंय. चोवीस आसत."

प्रत्येक भोकाच्या जागी तिने विरळ जाळी विणली होती, वारा जाईल एवढी. मी रुसून बसलो होतो तेव्हा ती मोजत बसली होती. मी नवा ट्रान्झिस्टर बसवला आणि वर तोच रुमाल घातला.

लेक रुमालाची घडी घालू लागली. मी म्हटलं, "थांब. आधी मोज."