आरशावरच्या सुया

कॉलेजच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं कामाला असलेल्या मामांचा एका प्रयोगावर भारी जीव: संप्लवन. चिनी मातीच्या बशीत मीठ आणि नवसागर एकत्र तापवायचं, वर गार काच धरायची. नवसागर न वितळताच धूर होऊन काचेवर जाऊन बसतो, मीठ खालीच राहतं. "घन पदार्थ थेट वायू होतो, ते संप्लवन," असं सर फळ्यावर लिहायचे. मामा मागून पोरांना सांगायचे, "कपाटातल्या डांबरगोळ्या झिजतात ना, तेच हे. औषधं गोठवून वाळवतात, तेही असंच. नुसती घोकंपट्टी करू नका रे."

त्यांची बायकोही तशीच गेली. सकाळी चहा गाळता गाळता. ना आजारपण, ना निरोप. मामांना तेच सोसेना. इतकं भरलेलं माणूस, कुठेतरी जमलंच असणार, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं.

मग त्यांनी तिच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या, कपाटाच्या आरशामागे बर्फाच्या पिशव्या बांधल्या आणि समोर खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या दिवशी आरशावर पांढऱ्या सुया उगवल्या. डांबरगोळ्या असतील म्हणून त्यांनी सगळ्या शोधून फेकून दिल्या. सुया वाढतच गेल्या. मामा ढसाढसा रडले. रोज दुपारी ते या सुया पात्यानं खरवडायचे, तोलून बरणीत भरायचे आणि बरणीशी गप्पा मारायचे.

"बाबा, आवाज किती बारीक झालाय तुमचा!" मुलगी फोनवर म्हणाली. "जेवताय ना?"

"जेवतोय गं. आम्ही दोघं मजेत आहोत."

"दोघं? थांबा, रविवारी येतेच मी."

त्याच आठवड्यात बरणीचा हिशोब सव्वादोन किलोंवर गेला. दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला, "मामा, दोन महिन्यांत सव्वादोन किलो उतरलात की!" मामांनी आकडा दोनदा विचारला. घरी येऊन बरणी उघडली, वास घेतला. तिचा नव्हता. त्यांच्याच घामाचा होता. मुलीला आत्ताच बोलवायला हवं होतं. पण बायको ज्या वाटेनं गेली त्याच वाटेला लागलोय, मग मध्येच कशाला उठायचं, असं म्हणून ते पुन्हा आरशासमोर बसले.

रविवारी मुलगी स्वतःच्या किल्लीनं आत आली. खुर्चीत सदरा-पायजमा बसल्यासारखा पडला होता. आरसा वरपासून खालपर्यंत पांढराफेक.

"काय ही घाण करून ठेवलीय!" ती करवादली. ओलं फडकं घेऊन तिनं आरसा लख्ख पुसला, फडकं मोरीत घट्ट पिळलं, वरून दोन तांबे पाणी ओतलं आणि मग हाक मारली, "बाबा, कुठे आहात?"