चार नंबरची पिन

बावतीसभाऊंनी मला एकच गोष्ट करू नका म्हणून बजावलं होतं आणि नेमकी तीच मी मोजून चाळीस वेळा केली. त्यांच्या जुन्या स्पॅनिश पिस्तुलांचा चाप रिकामा ओढायचा नाही, एवढीच ती गोष्ट. सराव करायचा तर आधी लाल प्लॅस्टिकचं खोटं काडतूस आत घालायचं, मग ओढायचा. कारण आत सुईसारखी एक पिन असते, ती गोळीच्या बुडावर टोचा मारते. समोर काहीच नसलं की ती नुसती आपटत राहते आणि एक दिवस मोडते. हे त्यांनी मला मराठीत, हिंदीत आणि हाताच्या खुणांनी समजावलं होतं. पण तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते आणि त्या कोवळ्या वयात माणसाला आपल्याला सगळं येतं असं वाटतं. खोटं काडतूस दर वेळी उडून खाली पडतं, ते वाकून कोण उचलणार! मी म्हटलं, काय होतंय…

बावतीसभाऊ गेले त्याला आता सात आठवडे होतील. दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या मुलाच्या घरी मी भेंडी चिरत होते, तेवढ्यात सजीचा व्हॉइस मेसेज आला. सजी हा आमच्या शूटिंग रेंजवरचा मल्याळी ऑफिसर. "अम्मा, बाप्टिस्ट सर नो मोर. हार्ट. गाँव में." मी तो तीनदा ऐकला, फोन पालथा ठेवला आणि पुन्हा भेंडीला लागले. माझी नात सई डायनिंग टेबलावर अभ्यास करत होती. तिने मान वर केली. "आज्जी, व्हाय आर यू कटिंग इट सो फास्ट?" तिला काय सांगणार? म्हटलं, "तुझ्या शाळेला उशीर होतोय." तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

बावतीसभाऊ वसईचे. आपल्या लष्करात पंधरा वर्षं हत्यारं दुरुस्त केली, मग दुबईला आले आणि आमच्या रेंजवर तेच काम करत राहिले. माणूस बुटका, चष्मा कपाळावर, बोटांना कायम तेलाचा वास. मी तिथे पोचले ती कूपनमुळे. मुलाला ऑफिसात एकावर एक फ्री मिळालं होतं, त्याच्या बायकोला आयत्या वेळी मीटिंग लागली आणि कूपन फुकट घालवणं आमच्या रक्तात नाही. पहिली गोळी मी डोळे मिटून झाडली. मागून शुद्ध मराठीत आवाज आला, "बाई, डोळे उघडे ठेवले तर आणखी बरं." मी इतकी दचकले की दुसरी गोळी छतात जायची राहिली. तेव्हापासून दर शनिवारी मी हजर. मुलगा म्हणे, "आई, इथले लोक योगाला जातात." मी म्हणे, "तू जा."

रेंजवरची नवी पिस्तुलं मला आवडत नसत. प्लॅस्टिकच्या अंगाची, हलकी, हातात उडी मारणारी. शिवाय शनिवारी त्यांच्यासाठी रांग. बावतीसभाऊंनी कुठल्याशा यादीत पाहिलं की स्पेनच्या पोलिसांनी निवृत्त केलेली जुनी पिस्तुलं स्वस्तात निघाली आहेत. एकेक साडेसातशे दिरहमला, म्हणजे सतरा-अठरा हजार रुपये. नव्याच्या मानाने काहीच नाही. मॅनेजरसाहेब अरब, उंच, मोजकं बोलणारे. त्यांना जुना माल नको होता. बावतीसभाऊ महिनाभर त्यांच्या मागे लागले. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक है बाप्टिस्ट. खराब निकला तो तुम जवाबदार."

डझनभर पिस्तुलं आली ती तपकिरी ग्रीसमध्ये माखून, तेलकट कागदात गुंडाळून. त्यांनी एकेक पुसून टेबलावर मांडलं. अस्सल पोलादी, हाताला भारदस्त. नळीच्या तोंडाशी मात्र काळा रंग उडून लोखंड चकाकत होतं, कुणा हवालदाराच्या कमरेला वर्षानुवर्षं घासून. मी म्हटलं, "अहो, ही तर पार झिजलीत." ते म्हणाले, "बाहेरून. आत बघा, नळी कशी आरशासारखी आहे. गोळ्या कमी झाडल्यात, ड्युटी जास्त केलीय." त्या दिवसापासून आम्ही त्यांना पेन्शनर म्हणू लागलो. प्रत्येकाला नंबर दिला. चार नंबर माझं. ते झाडलं की असा जड, शांत धक्का बसे की वाटे, हे आपल्याच वयाचं आहे, उगाच उड्या मारणार नाही.

आणि तेच मी मोडलं. त्या आठवड्यात शनिवार चुकला म्हणून मी रविवारी गेले, तेव्हा बावतीसभाऊ चर्चला गेले होते. सजीने मला रिकामं चार नंबर दिलं, डमी काडतुसं दिली आणि तो शेजारच्या लेनमध्ये गिऱ्हाइकांकडे वळला. डमी मी पर्समध्ये टाकली. खट्, खट्, खट्… चाळिसाव्याला आवाज बदलला. काहीतरी आत खुळखुळलं. कळलं मला, न कळायला काय झालं! पण मी पिस्तूल ट्रेमध्ये ठेवलं, सजीला "शुक्रन, खलास" म्हटलं आणि चालू लागले. चोराच्याही पायात इतकं बळ नसेल.

चार दिवसांनी साहेबांनी आपल्या मित्रांना बोलावलं, आपण किती स्वस्तात काय घेतलं ते दाखवायला. आणि नेमकं चार नंबर उचललं. चाप ओढला, खट्. पुन्हा खट्. मित्र हसले. हे मला सजीकडून कळलं, आणि पुढचंही. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाप्टिस्ट, तुम फर्स्ट क्लास बोला था." बाराच्या बारा भंगारात काढायची ठरली. त्याच महिन्यात बावतीसभाऊंना साठ पुरी होत होती. साठीनंतर इथला व्हिसा वाढवायचा तर कंपनीला माणूस हवा असावा लागतो. त्यांच्या व्हिसाचं पत्र साहेबांच्या टेबलावर सहीला पडलं होतं, त्यावर साहेब म्हणाले, "अगले महीने देखेंगे, इन्शाल्ला." इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा, त्या इन्शाल्लाचा अर्थ काय.

तरीही मी गप्प. कारण काय, तर आजीच्या हातात खेळणं दिलं आणि आजीने मोडलं असं लोक म्हणतील! मुलगा म्हणेल, पुरे आता, योगाला जा. माझा शनिवार जाईल. एका माणसाची नोकरी एका पारड्यात आणि माझा शनिवार दुसऱ्यात, आणि त्या चौसष्ट वर्षांच्या भवानीने आठ दिवस तराजू हातात धरून ठेवला. आठव्या दिवशी सजीला सहज फोन केला. तो म्हणाला, "अम्मा, सर ने सब पिस्टल खोल के रखा है. लेन्स लेके क्रॅक ढूँढता है. बोलता है, सजी, मेरा आँख खराब हो गया, मैं लोहा पहचान नहीं सका."

हे मात्र मला सोसलं नाही. नोकरी गेली असती तर एकवेळ मी मनाला काहीतरी समजावलं असतं. पण या माणसाने आपल्या नजरेवर संशय घ्यावा, तोही माझ्या आळसापायी? मी कपाटातली सगळ्यात चांगली साडी काढली, कारण कबुली द्यायची तर निदान रुबाबात द्यावी, आणि मेट्रो, मग टॅक्सी करून थेट साहेबांच्या केबिनमध्ये. त्यांनी कहवा मागवला. मी कपाला हात लावला नाही. म्हटलं, "साहेब, चार नंबर मैंने तोड़ा. बाप्टिस्ट ने मना किया था, फिर भी तोड़ा. आठ दिन छुपाया. पिस्तूल अच्छा है, मैं खराब हूँ."

साहेबांनी आपला कप खाली ठेवला. "ममा, तुम को किसने भेजा?"

"किसी ने नहीं. कोई भेजता तो नहीं आती."

बावतीसभाऊंना बोलावलं. ते ग्रीसचे हात पुसत आले, साहेबांनी सांगितलेलं ऐकलं. माझ्याकडे बघितलंही नाही. एवढंच विचारलं, "बाई, डमी कुठे होती?" मी म्हटलं, "पर्समध्ये." त्यावर साहेब पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, पिन नवी बनवा. चार नंबर माझ्यासमोर पन्नास गोळ्या झाडून दाखवेल तर पेन्शनर राहतील, बाप्टिस्टही राहील. नाहीतर यल्ला, दोघांची सुट्टी.

पिन विकत मिळण्यातली नव्हती. बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. साहेबांची परवानगी घेऊन बावतीसभाऊ मोडका तुकडा अल क्वोजला एका सरदारजींच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले आणि मी न बोलावता मागोमाग, थालीपिठांचा डबा घेऊन. सरदारजी लेथवर पोलादी सळई घासत, बावतीसभाऊ मापं घेत, मी टॉर्च धरून उभी. पहिली पिन मऊ निघाली, चार ठोक्यांत टोक चपटं झालं. दुसरी जास्त कडक, काचेसारखी तुटली. तिसरी त्यांनी लाल करून तेलात विझवली, घासून चकचकीत केली आणि पुन्हा मंद आचेवर धरली, गव्हाळ रंग येईपर्यंत. "टॉर्च हलवू नका," एवढंच म्हणाले. मला वाटतं, त्या दोन दिवसांत माझ्या वाट्याला आलेलं ते सगळ्यात प्रेमाचं वाक्य.

पन्नास गोळ्या मीच झाडायच्या असं त्यांनी ठरवलं. "मोडलंय तुम्ही, झाडाही तुम्हीच." मागे साहेब हाताची घडी घालून उभे. आठ-आठच्या सहा मॅगझीन आणि वर दोन गोळ्या. टार्गेटकडे माझं लक्षच नव्हतं, मी फक्त आवाज ऐकत होते. सदतिसाव्या गोळीला खट्… आणि शांतता. बावतीसभाऊंनी हात वर केला. "हलू नका. नळी समोरच." अर्धं मिनिट तसंच थांबायचं असतं, गोळी उशिरा उडू शकते म्हणून. ते अर्धं मिनिट माझ्या बाळंतपणापेक्षा लांब होतं. मग त्यांनी ते काडतूस बाहेर काढलं, बूड पुसलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि साहेबांपुढे धरलं. बुडाच्या मधोमध खोल, गोल टोचा उमटला होता. "पिन ने अपना काम किया साहेब. गोली खराब है." साहेबांनी तो टोचा अंगठ्याने चाचपला. "कंटिन्यू," म्हणाले. राहिलेल्या सगळ्या उडाल्या, बदली दिलेलीसुद्धा. संध्याकाळच्या आत व्हिसाच्या पत्रावर सही झाली.

मला दोन महिने शूटिंग बंद. त्या दोन महिन्यांत मी दर शनिवारी जाऊन रिकाम्या पुंगळ्या झाडून काढल्या. वाकायचा कंटाळा होता ना, मग वाका! तिसऱ्या महिन्यात त्यांनी चार नंबर माझ्यापुढे ठेवलं, शेजारी तीन लाल डमी. पुढची तीन वर्षं मी त्यांच्याकडून खरं शूटिंग शिकले. श्वास कुठे थांबवायचा, चाप कसा लिंबू पिळल्यासारखा हळू दाबायचा, चुकलेल्या गोळीची चर्चा कशी करायची नाही. संध्याकाळी वसईहून त्यांच्या बायकोचा, रेजिनाचा व्हिडिओ कॉल येई. ती वाडीतला सोनचाफा दाखवी आणि विचारी, कधी येताय? हे म्हणत, "अगं, पेन्शनर आहेत ना इथे, त्यांना कोण बघणार?" आणि आम्ही दोघं हसायचो. मला वाटायचं, बघा, माझ्या एका कबुलीने या माणसाला तीन वर्षं मिळाली. हे मी भिशीत सांगितलंय, मुलाच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसच्या पार्टीत सांगितलंय, अनोळखी टॅक्सीवाल्यालाही सांगितलंय.

यंदा उन्हाळ्यात ते कायमचे घरी गेले. चार महिने राहिले, आणि गेले.

मी भाचीच्या लग्नाला मुंबईत आले होते, तेव्हा वसईला रेजिनाकडे गेले. रेजिनाने मला थेट स्वयंपाकघरातच बसवलं. ओट्यावर गॅसचा लायटर होता, तोंड भिंतीकडे करून ठेवलेला. कोपऱ्यातली छत्रीही तशीच, टोक भिंतीकडे. मी बघतेय हे पाहून ती म्हणाली, "त्यांनी लावलेली शिस्त. कुठल्याच वस्तूचं तोंड माणसाकडे नको. आता माझाही हात तसाच पडतो." मग मी तिला सगळी गोष्ट सांगितली, साडीसकट, सदतिसाव्या गोळीसकट, अगदी रंगवून. म्हटलं, हे मी पेपरात लिहिणार आहे. ती चहा गाळत होती. गाळणं झटकून खाली ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"लिहा. पण माझंही एक लिहा. त्या दिवशी तुम्ही गप्प राहिला असता, तर माझा माणूस तीन वर्षं आधी घरी आला असता. ती तीन वर्षं त्यांची मजेत गेली, मला ठाऊक आहे. पण ती माझी होती."