लांबची कॉलेजं

उमरग्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी नर्सिंगच्या प्रवेशासाठी एक मुलगी आली. बारावीनंतर ती एका दवाखान्यात मदतनीस होती. तिची कागदपत्रं एक्स-रेच्या जुन्या पाकिटात होती. प्रत्येक कागद तळहातानं सपाट करून मगच ती माझ्याकडे देई.

प्रवेश परीक्षेत तिला चांगले गुण होते. कॉलेजांचे पर्याय भरताना तिनं विचारलं, "लांबची बी टाकायची का, काका?"

मागं रांग होती. मी म्हणालो, "कशाला? जवळची तीन सरकारी टाकू. तुझा नंबर लागतोय."

"तुमाला यातलं कळतंय. तुमी म्हणाल तसं."

तिन्ही ठिकाणी तिचा नंबर लागला नाही. तिच्याहून कमी गुणांच्या मुली लांबच्या कॉलेजांत गेल्या.

ती भांडायला येईल असं मला वाटलं होतं, पण आली नाही. गेल्या वर्षी ती शेजारच्या मुलीला घेऊन आली. मी विचारलं, "आणि तुझा फॉर्म?"

"घरचे आता न्हाय म्हणतेत." तिनं खुर्ची जवळ ओढली. "हिची समदी कॉलेजं टाका, काका. सावकाश भरा. आमी थांबतो."

मी एकेक नाव मोठ्यानं वाचत भरत गेलो. तिची माफी मागायचं मात्र जमलं नाही.