एका नावाच्या दोन कमांड

पंपघरातल्या पंपांवर हुकूम चालवणाऱ्या पेट्या ज्या कारखान्यात बनत, तिथे तक्तेबाईंना हे नाव कोणी ठेवलं ते कोणाला आठवत नव्हतं. का ठेवलं ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

पेटीच्या पोटात एक कॉम्प्युटर असे. त्याचा कर्नल, म्हणजे बाकी सगळ्या प्रोग्रॅमच्या तळाशी बसून घर चालवणारा मूळ प्रोग्रॅम, कधी ना कधी अडकायचाच. तो अडकला की पंप गप्प, बटणं गप्प, सगळं घर झोपल्यासारखं. जागा असायचा तो एकटा डीबगर, म्हणजे बिघाड शोधायला मदत करणारा प्रोग्रॅम. काळ्या पडद्यावर एक पांढरा चौकोन लुकलुकत बसायचा. त्याच्यापुढे एक शब्द टाइप केला की डीबगर आपल्या तक्त्यात तो शब्द शोधी आणि त्या ओळीत नेमून दिलेलं काम करी. हा तक्ता बाईंनी बांधलेला होता आणि एकवीस वर्षं त्याच सांभाळत होत्या.

तक्त्यात शिरायची रीत त्यांनीच घालून दिली होती. पेटी सुरू होताना कर्नलचा प्रत्येक भाग डीबगरच्या दारात येऊन आपापल्या कमांडची नोंदणी करायचा. कमांडचं नाव काय, ते टाइप केल्यावर कोणतं फंक्शन, म्हणजे कोडचा कोणता तुकडा, चालवायचं, टाइप कसं करायचं, मदतीची एक ओळ, आणि शेवटी एक खूण. खुणा दोनच. ‘बघी’ आणि ‘हातलावी’. बघी कमांड नुसती डोकावून सांगे, कशाला बोट लावत नसे, म्हणून ती पंपघरातला कोणीही मेकॅनिक बिनधास्त चालवू शके. हातलावी कमांड मात्र आधी पासवर्ड मागे, आणि तिचा कोड बाईंनी स्वतः वाचून होकार दिल्याशिवाय तक्त्यात येत नसे.

आणखी एक रिवाज होता. मदतीच्या ओळीच्या शेवटी कमांड करणाऱ्याने आपलं टोपणनाव लिहायचं. बंद पडलेल्या पेटीपुढे उभ्या असलेल्या माणसाला कळावं, फोन कोणाला करायचा ते. बाई नव्या लोकांना सांगायच्या, “नाव लिहिताय ते जपून लिहा हो. पंपघरातला माणूस तुमचा कोड वाचत नाही. तो तुमचं नाव वाचतो.” बाई देवाधर्माचा बोभाटा करणाऱ्या नव्हत्या, पण प्रत्येक नव्या कमांडची नोंदणी करण्याआधी क्षणभर डोळे मिटत. शेजारचे हसत. “बाई, कमांडला नजर लागते काय?” “कमांडला नाही, मला लागते. घाईची,” असं म्हणून त्या एंटर दाबत.

त्यांच्याच शब्दावर त्यांचा धाकटा दीर सहा वर्षांपूर्वी या कारखान्यात लागला. हुशार होता, गोडबोल्या होता. सगळ्या खात्यासमोर “वहिनी, वहिनी” करत यायचा, त्यामुळे चहावालासुद्धा बाईंना वहिनी म्हणायला लागला होता. पंपाचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमधला पंपाशी बोलणारा भाग, त्याच्याकडे होता.

दोन वर्षांपूर्वी तो एकदा खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसला.

“वहिनी, तुमच्या डीबगरला जरा माणुसकी शिकवा.”

“का? काय केलं त्याने?”

“एका नावाची कमांड आधी असली की दुसरी घेतच नाही. ‘हे नाव आधीच आहे’ म्हणतो नि दार लावतो. मी एखाद्या कमांडमध्ये सुधारणा करून बघायची म्हटलं, तर आधी जुनी उपटायची, सगळं पुन्हा बांधायचं, पेटी पुन्हा सुरू करायची. दिवसातून दहादा! जीव जातो हो.”

“नियम आहे तो, भावोजी.”

“नियम तुम्हीच केलात ना? मग तुम्हीच सैल करा. नवीन येईल ती पुढे, जुनी तिच्या मागे. नवी काढली की जुनी आपोआप पुढे. माझं काम झालं की झालं.”

बाईंनी दोन दिवस विचार केला. मग नियम बदलला. डीबगर तक्ता पुढून मागे चाळत जाई आणि नाव जुळलं की थांबे, म्हणजे पुढची तेवढी चाले. एक अट मात्र घातली. असं झालं की पडद्यावर ओळ उमटायची, ‘जुन्या कमांडवर नवी बसली आहे.’ महिनाभराने दीर परत आला. त्या ओळीने पडदा भरून जातो, साहेबांना वाटतं काहीतरी बिघडलं, तेवढी काढा ना. बाईंनी तीही काढली. मदतीच्या यादीत एकच नाव दोनदा दिसतं म्हणून लोक गोंधळतात, असं तो म्हणाला, तेव्हा यादीतही पुढची एकच दिसेल असं करून दिलं. परक्याने मागितलं असतं तर बाईंनी कागद मागवला असता. घरच्या माणसाकडून कागद कोण मागतं?

पुढे एका पंपघरात अपघात झाला. पेटी अडकली. तिथल्या मेकॅनिकने शिकवल्याप्रमाणे आधी ‘वेट’ टाइप केलं. ‘वेट’ ही बाईंची सगळ्यात जुनी कमांड, कोण कशासाठी खोळंबलंय ते दाखवणारी. यादी दिसली. त्याने तिचा फोटो काढला आणि पेटी पुढे चालू केली. त्याबरोबर दुसरा पंप धाडकन सुरू झाला. पुढचा व्हॉल्व बंद होता. पाण्याला वाट नव्हती. पाइपाचा जोड फुटला आणि लोखंडी कडं मेकॅनिकच्या हातावर बसलं.

पंप स्वतःहून थांबला होता तो व्हॉल्व बंद म्हणूनच. कर्नलमध्ये त्याला लॉक लावलेलं होतं. ते लॉक कोणीतरी काढलं होतं, आणि त्या वेळेत पेटीवर एकच कमांड चालली होती. साहेबांनी फोटो टेबलावर ठेवला. मेकॅनिकने मदतीची ओळही पडद्यावर आणली होती. ‘वेट. कोण कशासाठी थांबलंय ते दाखवते. खूण बघी. तक्तेबाई.’

“बाई, मी तुमच्यावर ओरडणार नाही,” साहेब म्हणाले. “पण नाव तुमचं आहे. पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी चौकशी समिती बसेल. तोवर लेखी द्या.”

बाई आधी इस्पितळात गेल्या. मेकॅनिक चाळिशीचा, दांडगा गडी होता. प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून बसला होता. बायकोने स्टूल पुढे केलं, पण बाईंकडे पाहिलं नाही.

“हातलावी खुणेची असती तर मी हात लावला नसता, बाई,” तो म्हणाला. “तुमचं नाव होतं, म्हणून डोळे झाकून टाइप केलं.”

“मी बघते,” एवढं म्हणून बाई उठल्या.

शनिवारी कारखान्यात कोणी नव्हतं. बाईंनी तशीच एक पेटी चाचणीच्या टेबलावर घेतली, कर्नल मुद्दाम थांबवला आणि मदत मागितली. यादीत ‘वेट’ एकच, ओळ त्यांचीच, शब्दन् शब्द. स्वतःचा कोड चारदा वाचला. तो कशालाही हात लावत नव्हता. मग त्यांनी यादीवर विसंबायचं सोडलं आणि तक्ता जिथे मेमरीत पसरलेला असतो, तिथूनच तो एकेक नोंद हाताने चाळायला घेतला. डाळ निवडावी तसा. सतराव्या नोंदीवर ‘वेट’ मिळाली. बाई थांबल्या नाहीत, पुढे गेल्या. त्रेसष्टाव्या नोंदीवर पुन्हा ‘वेट’.

मागची, त्रेसष्टावी, त्यांची होती. पुढच्या, सतराव्या नोंदीतलं फंक्शन कर्नलमध्ये कुठे राहतं, तो पत्ता त्यांनी कागदावर उतरवला. पत्ता पंपाच्या ड्रायव्हरमधला निघाला.

बाईंनी ड्रायव्हरचा कोड उघडला. त्यात त्यांच्या कमांडची नक्कल होती. तशीच यादी छापायची, आणि छापून झाल्यावर तीन ओळी अधिक: पंपाचं लॉक अडकलेलं दिसलं की गुपचूप काढून टाकायचं. का, तेही त्यांना लगेच उमगलं. दिराच्या ड्रायव्हरमध्ये दोष होता. लॉक कधीकधी विनाकारण अडकून राही. दोष शोधून दुरुस्त करायचा म्हणजे कबूल करायला हवा. त्यापेक्षा पेटी अडकली की मेकॅनिक जे पहिलं टाइप करतो, त्यातच इलाज लपवला. पेट्या आपोआप सुटायला लागल्या, तक्रारी थांबल्या, आणि गेल्या वर्षी साहेबांनी भर बैठकीत त्याची पाठ थोपटली होती. तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या बाईंनीच वाजवल्या होत्या. खरं काम सांगून स्वतःच्या नावाने नोंदणी केली असती, तर हातलावी खूण लागली असती आणि कोड वहिनीने वाचला असता. म्हणून नाव वहिनीचंच राहू दिलं.

घरी दोघे भाऊ जेवणाच्या टेबलाशी बसले होते. बाईंनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

“भावोजी, ‘वेट’मध्ये तुम्ही काय घातलंत?”

दिराने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. “वहिनी, आधी बसा तरी.”

“बसायला नाही आले. विचारायला आले.”

“चांगल्यासाठीच केलं होतं. दोनशे वेळा नीट चाललं. एकदा व्हॉल्व बंद निघाला, त्याला मी काय करू?”

“आणि नाव? माझं नाव का?”

“ते नक्कल करताना राहून गेलं.”

“खूणही राहून गेली? एवढं राहून जातं तुमच्याकडून? मग पगारपत्रकावर माझं नाव कसं नाही राहून गेलं कधी?”

“अगं, हळू,” बाईंचे यजमान म्हणाले. ते शाळेत गणित शिकवत. आवाज कधी चढवत नसत. “शेजारी ऐकतील.”

“ऐकू देत. तुम्हाला कळतंय का यांनी काय केलंय ते?”

यजमानांनी टेबलावरचा एक कण बोटाने टिपला. “त्याने सांगितलं मला.”

“कधी?”

“अपघात झाला त्याच संध्याकाळी.”

त्या संध्याकाळी बाई घरी येऊन रडल्या होत्या. माझा हात कुठे चुकला कळत नाही, म्हणाल्या होत्या. यजमानांनी डोक्यावरून हात फिरवला होता. “होतं असं, वय झालं की एखादी चूक निसटते,” असं म्हणाले होते. नऊ दिवस बाई आपला कोड वाचत होत्या, झोपेत ओळी पुटपुटत होत्या, आणि हे शेजारी पडून ऐकत होते.

“विचार कर ना जरा,” यजमान म्हणाले. “तुझी एकवीस वर्षं झाली तिथे. तुला कोण हात लावतंय? फार तर दोन शब्द ऐकवतील. त्याला मात्र उभं करतील बाहेर. नजरचूक झाली म्हणून लिहून दे. घरातली गोष्ट घरात राहील.”

“म्हणजे ठरलंय तुमचं.”

“वहिनी, मी जन्मभर विसरणार नाही,” दीर म्हणाला.

“तुम्ही विसरायचा प्रश्नच नाही, भावोजी. विसरायचं मीच आहे ना?”

बाई आत गेल्या. हात जोडून बसल्या, पण नेहमीची प्रार्थना ओठांवर येईना. देवापुढेही नऊ दिवस त्या ‘माझी चूक दाखव’ एवढंच मागत होत्या. आता मागायचं काय? एकच गोष्ट डोक्यात स्पष्ट होती. त्या पेट्या अजून एक्केचाळीस पंपघरांत होत्या. तिथला माणूस उद्या पेटी अडकली की तोच शब्द टाइप करणार होता, आणि नाव वाचून निर्धास्त होणार होता. नजरचूक म्हणून लिहून दिलं, तर समिती बाईंचा कोड वाचेल, तो निर्दोष दिसेल, त्यात उगाच एखादी ओळ बदलली जाईल, आणि तक्त्यात पुढे बसलेली ती दुसरी तशीच बसून राहील.

सोमवारची वाट न बघता त्या रविवारी सकाळीच साहेबांच्या घरी गेल्या. साहेब पायजम्यात होते, झाडांना पाणी घालत होते. बाईंनी दोन पानं त्यांच्या हातात दिली. पहिल्यावर दोन्ही नोंदी, पत्ते आणि त्या तीन ओळी होत्या. दुसऱ्या पानावर एका नावाच्या दोन कमांड घेण्याचा नियम कोणी केला, सावध करणारी ओळ कोणी काढली आणि यादीत एकच दाखवायचं कोणी ठरवलं, ते होतं. त्या तिन्हींपुढे बाईंनी स्वतःचं नाव लिहिलं होतं.

साहेबांनी उभ्याउभ्याच वाचलं. “दुसरं पान कोणी मागितलं नव्हतं, बाई. यावरून तक्ता तुमच्याकडून काढून घेतील.”

“घेऊ देत. पण आज एक्केचाळीस ठिकाणी फोन जायला हवेत. ‘वेट’ वापरू नका म्हणून. मी अर्धे करते, अर्धे तुम्ही करा.”

साहेब आत जाऊन फोन नंबरांची वही घेऊन आले. अंगणातल्या खुर्च्यांवर दोघं बसली. बाईंनी साहेबांच्या घरच्या फोनवरून पहिला नंबर लावला तेवढ्यात त्यांचा स्वतःचा फोन वाजला. घरचा होता. त्यांनी तो पालथा ठेवला.

साहेबांनी ते पाहिलं. चष्मा पुसत जरा चाचरत विचारलं, “बाई, तुमच्या दिराचं नाव यात आहे. घरी माहीत आहे ना?”

“आहे,” बाई म्हणाल्या. “माझ्या आधीपासून.”

पलीकडे पंपघरात कोणीतरी फोन उचलला होता. बाईंनी घसा साफ केला आणि बोलायला सुरुवात केली.