साडेसतरा जोड्या आणि एक कोल्हा

चाळीस वर्षं बातमीदारी केली. ज्या बातम्या छापून आल्या त्या वाचक विसरले, मीही विसरलो. संपादकांनी ‘जागा नाही’ म्हणून परत केल्या त्या मात्र सगळ्या माझ्याकडे शाबूत आहेत. असे कागद फेकवत नाहीत. ढीग वाढत जातो आणि कोणी गप्पांना बसलं की वरचा कागद आपोआप घसरतो.

परवा एक विद्वान मला सांगत होते, की कापसाच्या तेजीच्या काळात साहेबलोकांनी वऱ्हाडात खिलाडू वृत्ती आणली.

मी तेव्हा अमरावतीत होतो. त्यांनी कुत्रे आणले!

*

अमेरिकेत लढाई पेटली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळत नव्हता आणि आमच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचा भाव आला होता. मुंबईच्या पेढ्यांचे गोरे एजंट अमरावतीत आणि अकोल्यात येऊन राहिले. मीही त्यांच्याच मागोमाग आलो. कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला, मुंबईच्या एका वृत्तपत्राचा बातमीदार.

त्या एजंटांचे म्होरके बर्टन साहेब. पैसा आला, तशी त्यांना घरची आठवण झाली. तिकडे म्हणे थंडीत लाल कोट घालून घोड्यावर बसतात आणि लोमडीमागे, म्हणजे खोकडामागे, कुत्र्यांची टोळी सोडतात. साहेबांनी शिकार-क्लब काढला आणि टोळी जहाजानं मागवली.

रेल्वे अजून अमरावतीला पोचली नव्हती. ती जिथवर आली होती तिथून पुढे बैलगाड्याच. आणि त्या हंगामात गाडी मिळवण्यासाठी लोक एकमेकांच्या पाया पडत होते. कापूस अंगणात, ओसरीवर, देवळात पडला होता. पण साहेबांच्या चपराशानं बाजारातून आठ गाड्या धरून नेल्या. त्यातली एक बडनेऱ्याच्या वाटेवर राहणाऱ्या रुखमाबाईच्या नवऱ्याची.

गाड्या परत आल्या तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो. प्रत्येक गाडीत गवताची गादी, वर चांदवा आणि आत विलायती कुत्रे बसलेले.

रुखमाबाईनं एकेक गाडी नीट बघून घेतली आणि नवऱ्याला म्हणाली, “मले माहेरी नेलं तवा गाडीत गवत बी नोतं टाकलं तुमी!”

*

मी बातमी दिली : ‘अमरावतीत पस्तीस विलायती कुत्रे दाखल.’

साहेबांचा दोन पानी खुलासा आला. ते कुत्रे नसून हाऊंड आहेत. त्यांना कुत्रे म्हणणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे. शिवाय ते पस्तीस नसून साडेसतरा जोड्या आहेत. हाऊंड जोडीनंच मोजायचे अशी शेकडो वर्षांची परंपरा आहे.

माझी बातमी चार ओळींची होती. संपादकांनी खुलासा पुरा दीड रकाना छापला!

मी तडक कुत्तेखान्यात गेलो. तिथं शेख चांद नावाचा माणूस होता. कुत्र्यांना खाऊ घालणं, धुणं, फिरवणं सगळं त्याच्याकडे. मी म्हटलं, “चांदभाई, ही जोडीची काय भानगड आहे?”

तो बादलीतल्या ज्वारीच्या कण्या घोटत होता. म्हणाला, “मुन्शीजी, फायदे की बात है. एक कुत्ता भाग गया, तो साब के हिसाब से आधाच गया!”

*

आता खरी अडचण ऐका. हे हाऊंड लोमडीच्या शिकारीचे. तिकडची लोमडी चांगली दांडगी, मैलोगणती पळणारी. आमची वऱ्हाडी लोमडी मांजराएवढी. कुत्र्याचा आवाज ऐकला की बिळात शिरते आणि झोपते. पहिल्या तीन शिकारींत लाल कोटवाले वीस जण एका बिळाभोवती उभे राहून परत आले.

मग क्लबाची सभा भरली आणि ठराव झाला, की वऱ्हाड प्रांतापुरतं कोल्ह्यालाच लोमडी समजण्यात यावं. सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर. मी स्वतः हजर होतो.

दुसऱ्या दिवशी रुखमाबाई कापूस वेचताना भेटली. नवरा हंगामभर गाडीवर, म्हणून शेत तीच पाही. तिच्या वावराला लागून नाला होता आणि नाल्यात कोल्ह्यांची वस्ती. म्हणून मी तिला ठराव सांगितला.

ती म्हणाली, “कोल्ह्याले सांगतलं का कोनी?”

*

लाल कोटाबद्दलही सांगायला हवं. जाड विलायती लोकर. वऱ्हाडात हिवाळ्यातसुद्धा सकाळी नऊ वाजले की ऊन चावतं. एक तरुण एजंट घेरी येऊन घोड्यावरून पडला. मी पाणी दिलं आणि म्हटलं, “महाराज, कोट काढा!”

तो पडल्या पडल्या म्हणाला, “अजून शिकार संपलेली नाही.”

ही बातमी मी ‘हट्ट’ या मथळ्याखाली पाठवली. संपादकांनी मथळा बदलून ‘धैर्य’ केला. मी राजीनामा लिहिला. त्यांनी तोही छापला नाही.

*

एकदा टोळी अकोल्याला नेली. तिथल्या एजंटांपुढे बर्टन साहेबांना आपला खेळ मिरवायचा होता. कोल्हा गावाबाहेर उठला आणि सरळ कापसाच्या बाजारात घुसला. मागे कुत्रे, मागे घोडे, मागे भोंगा वाजवणारे बर्टन साहेब. दोनशे गाड्यांच्या मधून ही सगळी वरात धावत गेली.

अडत्यांनी कोल्हा पाहिलाच नाही. त्यांना दिसलं एवढंच, की मुंबईच्या पेढ्यांचे सगळे एजंट जिवाच्या आकांतानं एका दिशेला पळताहेत!

“तार आली असन!” एक ओरडला.

“कायची?”

“ते मागून पाहू. घे कापूस!”

दुपारपर्यंत अकोल्याचा भाव चढला. बर्टन साहेब घामाघूम होऊन परतले, तेव्हा त्यांच्याच कारकुनानं त्यांच्याच पेढीसाठी चढ्या भावानं कापूस घेऊन ठेवला होता.

*

हसू नका. इथून पुढचं मी रागानं सांगतो आहे.

शिकारीचा हंगाम आणि वेचणीचा हंगाम एकच. नाल्यात कोल्हे, म्हणून दर खेपेला टोळी रुखमाबाईच्या वावरातून जाई. बोंडं उमललेली, कापूस लोंबत असलेला आणि त्यातून वीस घोडे. एका महिन्यात तीनदा. अर्धं वावर मातीत मिसळलं. उरलेलं वेचून होईपर्यंत अजून दोन आठवडे तरी हवे होते, आणि तेवढ्यावर तिचं वर्ष होतं.

ती बर्टन साहेबांकडे गेली. मी दुभाष्या म्हणून बरोबर.

साहेब फार सभ्यपणे बोलले. म्हणाले, “कोल्हा शेतकऱ्याचा शत्रू आहे. आम्ही तो फुकट मारतो. तिनं आभार मानायला हवेत.”

मी भाषांतर केलं. ती म्हणाली, “कोल्ह्यानं सालभरात चार काकड्या खाल्ल्या, साहेब. तुमच्या घोड्याईनं तीन सकाळीत अर्धं वावर खाल्लं.”

साहेबांनी खांदे उडवले. “त्या नाल्यातला मोठा कोल्हा तीनदा निसटला आहे. तो मिळेपर्यंत आम्हाला यावंच लागेल.”

तिनं मला दोनदा विचारलं. “मिळेपर्यंत म्हनले? नक्की? म्हंजे मिळाला का येनं बंद?”

मी साहेबांना विचारलं. ते हसून म्हणाले, “अर्थात!”

मी ही बातमी पाठवली. जागा नव्हती.

*

पुढच्या शिकारीच्या सकाळी मी कॅम्पात साहेबांच्या बंगल्यावर गेलो. शिकारीआधी तिथं न्याहारी असे. आत टेबल मांडलेलं, लाल कोटवाले अंडी खात बसलेले. फाटकाशी शेख चांद साडेसतरा जोड्या घेऊन उभा. आणि मध्ये मडमेचा बगीचा. विलायती गुलाबांची बत्तीस झाडं. मी मोजली होती, कारण त्यांच्यावरही मला एकदा बातमी लिहावी लागली होती.

रुखमाबाई डोक्यावर कापसाचं पोतं घेऊन आत आली. पोतं हलत होतं.

मी म्हटलं, “बाई, हे काय?”

“कोल्हा. नाल्यातला. पारध्याले दोन पायल्या जवारी देल्ली, त्यानं जाळ्यात धरून देल्ला.” तिनं पोतं गुलाबांच्या मधोमध ठेवलं. “साहेबाले बलवा, भाऊ. म्हना, मिळाला.”

साहेब हातात रुमाल घेऊन पायरीवर आले. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा कोटासारखा झाला. ते मला म्हणाले, “तिला सांगा, हा धरून आणलेला कोल्हा आहे. याला शिकार म्हणत नाहीत. कोल्हा मोकळा असला पाहिजे. तो पळाला पाहिजे. हाऊंडांनी त्याचा माग काढला पाहिजे. ही परंपरा आहे!”

मी शब्दाला शब्द सांगितलं. त्यात मी काहीही भर घातली नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

रुखमाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

“पळाले पायजे?”

“हो.”

“मंग पळीन ना. काहून नाई पळनार?”

आणि तिनं पोत्याची दोरी सोडली.

फाटकाशी शेख चांद ओरडला, “या अल्ला!” पस्तीसच्या पस्तीस दोऱ्या त्याच्या हातातून गेल्या. कोल्ह्यानं गुलाबांना दोन फेऱ्या घातल्या. टोळीनंही दोन घातल्या. मग कोल्हा पायऱ्या चढून, साहेबांच्या पायांमधून, जेवणघरात गेला. टोळी त्याच्या मागोमाग. साहेब टोळीच्या मागोमाग.

आत बशा फुटण्याचे आवाज बराच वेळ येत राहिले. रुखमाबाईनं पोतं झटकलं आणि घडी करून काखेत मारलं.

“भाऊ, साहेबाले एवढं इचारून घ्या. आता वावरात येनं बंद ना? मले वेचाले जा लागते.”

मी खिडकीशी जाऊन प्रश्न इंग्रजीत विचारला. साहेब टेबलावर उभे होते. त्यांनी मान हलवली. होकारार्थी.